प्राणी क्र. १४ मीच असल्याबाबत

प्रति,
मा. निर्मूलन अधिकारी,
परके प्राणी निर्मूलन कार्यालय.

विषय: प्राणी क्र. १४ यास ठार मारण्याचा आदेश रद्द करून अर्जदारास बेटावरून सोडणेबाबत.
संदर्भ: आपले ज्ञापन, ‘उंदीर पाळल्याबाबत खुलासा’.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी या बेटावर उंदरांचा माग काढण्याच्या कामावर आहे. जहाजांतून आलेले हे उंदीर समुद्रपक्ष्यांची अंडी फस्त करतात. म्हणून त्यांना धरून गळ्यात यंत्राचा पट्टा बांधायचा, सोडून द्यायचे, आणि ते कुठे फिरतात ते आपल्या पडद्यावर ठिपक्यांनी उमटले की तिथे सापळे लावायचे, अशी पद्धत आहे.

पट्टा बांधण्याआधी तो चालू करून एक दिवस स्वतःजवळ बाळगून तपासावा लागतो. क्र. १४ चा पट्टा मी खिशात ठेवला. नोंदवही सकाळच्याच बोटीने जाते, म्हणून ‘बसवला’ असे आधीच लिहून टाकले. दुपारी उंदीर बोटाला चावून पसार झाला आणि पट्टा खिशातच राहिला. चूक माझी, कान धरतो.

तेवीस दिवसांनी आपला नकाशा आला. त्यावर शेरा: ‘प्रौढ नर. सुस्त. जेवणानंतर दोन तास हालचाल नाही. स्वयंपाकघराभोवती घुटमळतो. पहाटे संडासापाशी दीर्घकाळ थांबतो.’ शेरा बरोबर आहे, पण तो चारचौघांत फळ्यावर लावायची गरज नव्हती. त्यानुसार माझ्या खाटेखाली चार व संडासाच्या वाटेवर सात सापळे लागले. एकात स्वयंपाकीणबाईंच्या पायाचा अंगठा सापडला. बाई म्हणतात, तुमच्यापेक्षा उंदीर परवडला, तो निदान भाजीला नावं ठेवत नाही.

खरा प्रकार कळवला, तर आपले उत्तर आले की अर्जदार व प्राणी यांचे वावरक्षेत्र तंतोतंत जुळते, सबब अर्जदार त्यास पाळत असावा. पट्टा बंद केला, तर ‘प्राणी बिळात दडला’ अशी नोंद झाली. अहो साहेब, आता काय बिळातून बाहेर येऊन सलाम ठोकू?

बेटावरचे बाकी सगळे उंदीर संपले. पक्षी निवांत अंड्यांवर बसले आहेत. परंतु क्र. १४ चे प्रेत सादर होईपर्यंत कोणीही बेट सोडू नये, असा आपला हुकूम आहे. तिकडे घरी माझ्या बायकोला नववा महिना लागला आहे. पहिलटकरीण आहे, घाबरली आहे. तिचा निरोप आला: ‘उंदराचं काय ते तुमची कचेरी बघेल, मला तुम्ही इथे हवे आहात.’ तो वाचून मला रडू आले, आणि ते लिहायची मला लाज वाटत नाही.

तरी गुरुवारच्या बोटीने मी निघत आहे. सरकारी सामान मागे टाकण्यास मनाई असल्याने पट्टा चालू करून खिशात नेत आहे. प्राणी क्र. १४ समुद्र ओलांडून प्रसूतिगृहाच्या दारात तासन् तास येरझारा घालताना आपणांस दिसेल. तिथे कृपया सापळे लावू नयेत.

आपला नम्र व अद्याप जिवंत,
(सही)
मागकाढ्या, पूर्व किनारा तळ
दि. ९ मार्च

सोबत: १) ज्ञापनाची प्रत. २) सुईणीची चिठ्ठी.