कौसरचं उत्तर

पुणे, २ डिसेंबर २०१७

बाबा, तुमच्या संजीवनीचा पाया पडून नमस्कार.

फोनवर तुमाले नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून राह्यली. मी बरी हाय, जेवण वेळेवर होते. आपल्याही कपाशीत गुलाबी अळी निघाली का? आई सांगत नाही.

आमच्या ऑनलाइन वर्गात प्रोग्रामिंग पहिल्यापासून शिकवतात. पोरं नुसता व्हिडिओ पाहून निघून जात, म्हणून मी धड्यात प्रश्न टाकले. उत्तर लिहिलं की मशीन लगेच बरोबर का चूक, थे पडद्यावर सांगते. सायबांनी शाबासकी देली.

परवा जुनी उत्तरं वाचत होती. वर्गातल्या डोणगावच्या कौसरनं उत्तराच्या जागी लिहिलं होतं, "अळीनं कपाशी गेली. आम्ही उद्या वीटभट्टीवर जाऊन राह्यलो. माही जागा ठेवसान का?"

मशीन म्हणाली, "चूक. पुन्हा प्रयत्न करा."

तिले वाटलं, आपली भाषाच चुकली. मंग तिनं पुस्तकासारखं लिहिलं, "माझी जागा ठेवाल का?" पुन्हा चूक. तिसऱ्यांदा "कृपया"ही लावलं.

थे मशीनचं बोलणं मीच लिहिलं हाय, बाबा. महिनाभर गैरहजर म्हणून तिचं नाव कटलं. सायबाले सांगितलं, तर म्हणाले, "अशा किती जणांचं पाहणार?" तिचा नंबर बंद येते.

डोणगावच्या बाजाराले गेले तर विचारजा. घराले कुलूपच असन. अन् भेटली तरी तिले काय सांगायचं, थे मले सुचून नाही राह्यलं.

आईले जपा.

तुमची,
संजू