गुळाच्या पाण्याची चूळ

सर, दुपारी चारला गाडी निघणार आहे आणि मला अजून लेकीशी बोलता आलेलं नाही. म्हणून आधी या कागदावर तुमच्याशी बोलते. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तेव्हा निदान तुम्ही मध्येच शिट्टी वाजवून मला थांबवणार नाही. लेक उद्या सकाळी भंडारदऱ्याला बेचाळीस किलोमीटर पळणार आहे, आयुष्यात पहिल्यांदा. आतल्या खोलीत तिची बॅग भरणं चाललंय. मी स्वयंपाकघरात गुळाचे बारीक खडे करून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतेय, एकदा भरून झाली तरी पुन्हा उघडून बघतेय. ती त्यातला एकही खडा खाणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण पळताना काही गिळायचं नसतं हे तिला मीच शिकवलं. मला तुम्ही शिकवलंत.

संगमनेरजवळच्या अकोल्यात, आपल्या शाळेच्या मैदानाच्या कडेला तुम्ही तांब्या घेऊन उभे असायचात. त्यात घरून आणलेला गूळ, चिमूटभर मीठ, अर्धं लिंबू. आम्ही मुली उपाशीपोटी चार-पाच फेऱ्या मारून यायचो आणि ओंजळ पुढे करायचो. "गिळायचं न्हाई. पोटात गेलं की कळ येती. तोंडात फिरवा अन् थुंका." तरुणपणी तुम्ही कुठल्याशा शर्यतीआधी दोन बशा पोहे हाणले होते आणि वाटेत आडवे झाला होतात, हे आम्हाला शिपाईमामांनी सांगितलं होतं. त्या पोह्यांची शिक्षा तुम्ही आम्हा सगळ्यांना देत होतात, असं आम्ही पाठीमागे म्हणायचो. समोर मात्र मुकाट्याने थुंकायचो. गूळ स्वतःच्या घरचा आणून दुसऱ्यांच्या मुलींना पळवणारा माणूस चुकत असेल, असं कोणाच्या मनातही येत नसे.

मागच्या रविवारी माझा मोबाईल वाजला. लेक सरावाला शहराबाहेरच्या लष्करी छावणीच्या पलीकडे लांब गेली होती. "आई, मला रस्ता कळत नाहीये," एवढंच बोलली. आवाज तिचा वाटेना. मी रिक्षाने पोचेपर्यंत तोंडातल्या तोंडात काय काय पुटपुटत होते, ते आता आठवत नाही. ती एका चहाच्या टपरीशी बसली होती, हात थरथरत होते. टपरीवाल्या बाईंनी तिला चार चमचे साखर घातलेला चहा पाजला होता आणि तेवढ्यावरच ती हळूहळू माणसात येत होती. तिच्याबरोबर पळणारे एक डॉक्टर आहेत, त्यांनी संध्याकाळी घरी येऊन समजावलं. तासाभराच्या पळण्याला नुसती चूळही कामाला येते म्हणे. तोंडाला गोड लागलं की अंगाला धीर येतो. पण त्याहून लांब पळायचं तर साखर पोटात जायलाच हवी, दर अर्ध्या तासाला थोडी थोडी, आणि दमायच्या आधीपासून. "तुमच्या सरांचं निम्मं बरोबर होतं," ते हसून म्हणाले. लेक हसली नाही. "आईने चूळ भरूनच शर्यतीचा कप जिंकून आणलाय. माझी सवय कमी पडते," ती म्हणाली. मी चहाचे कप उचलून आत गेले.

तो कप तुम्हाला आठवत असेल. एकोणीस किलोमीटर, निम्मी चढण. मी आणि माझी मैत्रीण सुरुवातीपासून बरोबरीने पळत होतो. दोन वळणांवर तुम्ही तांब्या घेऊन उभे होतात. दोन्ही वेळा ती तोंड खळखळवून थुंकली. दोन्ही वेळा मीही वाकले, तोंड पुसलं आणि पुढे पळाले. शेवटच्या चढाला ती खालीच बसली. मी पहिली येऊन परत मागे गेले तेव्हा ती रडत होती, "पायात जीवच न्हाई सर." आणि तुम्ही माझ्याकडे बोट करून म्हणालात, "हिनं बी चूळच भरली ना? मग हिला कसं जमलं? ढोंग हाय हे." तिने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधायला लागले. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला संगमनेरहून नवे पांढरे बूट आणलेत. ती मैदानावर यायची बंद झाली.

सर, मी दोन्ही वेळा गिळलं होतं. तहान लागली होती आणि ते गोड होतं, याच्यापलीकडे काही कारण नव्हतं.

मध्येच उठून आत जाऊन आले. सगळं सांगितलं तिला, उभ्या उभ्या, पिशवी हातात धरून. मला वाटलं चिडेल; घरातला तो कप तिने लहानपणापासून पुसलाय. तिने हातातल्या मोज्यांची घडी केली. मग पिशवी घेतली, कमरेच्या पट्ट्यात कोंबली आणि म्हणाली, "दर अर्ध्या तासाला खाईन. आता रडू नकोस." मी पदराने डोळे पुसले. तेवढ्यात तिने विचारलं, "आणि ती मैत्रीण? ती परत कधी पळाली का?"

मी कधी चौकशी केलीच नाही. तुम्हाला विचारावं म्हटलं, तर तुम्ही नाही, आणि हा कागद गुळाच्या डब्याखालून पुढे कुठे जाणार नाही. त्या मैत्रिणीचं गाव आमच्या गावाच्या दोन स्टॉप पुढे आहे. इतक्या वर्षांत मी एसटीने कितीदा तिथून गेले, पण उतरले कधीच नाही. आज आमची गाडीही तिच्याच स्टॉपवरून जाणार आहे. आणि मी आत्ताच लेकीला सांगून ठेवलंय, खिडकीची जागा तू घे.