डोळे मिटून चाललेलं भांडण

प्रभूमध्ये प्रिय (असं लिहावंच लागतं) प्रभाकरदादा,

सलाम.

स्नेहलच्या लग्नापासून आपण एकमेकांशी फक्त देवामार्फत बोलतो. माझ्या मुलीने हिंदू मुलाशी लग्न केलं म्हणून सख्खा मामा असून तू आला नाहीस, चर्चच्या मंडळीलाही येऊ दिलं नाहीस. मग दर शुक्रवारी प्रार्थनेच्या घरसभेत तू डोळे मिटून म्हणायचास, "प्रभू, आमच्या बहिणीचं कठीण मन नरम कर." माझी पाळी आली की मी म्हणायचे, "प्रभू, काहींना दुसऱ्याच्या घरचा आनंद पचत नाही, त्यांना सांभाळ." मंडळी दोघांनाही सारख्याच जोरात आमेन म्हणायची. मग चहा-पोहे.

परवा नानाखेड्याला झालेल्या सभेत तू म्हणालास, "प्रभू, मी भाचीच्या लग्नाला गेलो नाही. माझं चुकलं." पुढे टोमणा येईल म्हणून मी वाट पाहिली. तो आलाच नाही. बायबलातल्या ढोंगी परूश्यांवर एक छान वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं, ते वाया गेलं. तू नाटक करतोयस का ते बघायला मी डोळे उघडले, तर तुझेही उघडेच होते. तू माझ्याकडे बघत होतास.

मंडळीने आमेन म्हटलं. मला म्हणता आलं नाही.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस तर पुढच्या सभेत त्यावरही प्रार्थना करशील. फोनवर एवढंच सांगेन की शुक्रवारी सभा माझ्याकडे आहे, स्नेहल आणि जावईबापू येताहेत, तू जरा लवकर ये. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी.

प्रभूमध्ये, आणि अजून थोड्या रागात,
तुझी धाकटी
रत्नमाला