समुद्राकडची खोली ऑर्लाला

मी, फिलोमिना हेरिटी, वय ७६, निवृत्त शिवणशिक्षिका, हे मृत्युपत्र लिहिताना पूर्ण शुद्धीत आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी छडीने तासलेली स्मरणशक्तीही शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला धाकटी बहीण डिम्फना दोनदा येऊन गेली. चहा पिऊन परतली.

१. राहते घर डिम्फनाच्या मुलीला, ऑर्लाला. डिम्फनाला नाही. तिला ते सुट्टीच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचे आहे.

२. ऑर्ला चौतिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगातून वाचली. उपचार संपून दोन वर्षे झाली, तरी हात सुजतो, बोटे बधिर होतात, दुपारी उभे राहवत नाही. ईस्टरला माझ्याच टेबलावर डिम्फना तिला म्हणाली, "हॉस्पिटलात उपचार संपल्याची घंटा वाजवलीस, केक कापलास. आता कसलं रडगाणं?"

"रडत नाहीये, आई. दमलेय."

"आम्ही नाही दमत?"

मी बटाटे वाढत राहिले. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

३. डिम्फना, नीट वाच. १९८१ साली माझे, तुम्हाला सांगितले तसे, पित्ताशयाचे ऑपरेशन झाले नव्हते. माझा डावा स्तन काढला होता. मी तेहतीस वर्षांची होते. पक्ष्यांच्या दाण्यांची पिशवी शिवून त्या रिकाम्या जागी कपड्यांच्या आत घालत असे. अजूनही साधा खोकला आला की वाटते, आला परत.

४. कॅहल मोरन याची पत्रे त्याला परत द्यावीत. साखरपुड्याची अंगठी परत केली तेव्हा त्याने विचारले होते, "माझं काय चुकलं, फिल?" मी म्हणाले, "काही नाही. जा तू." कॅहल, कारण वरच्या कलमात आहे. दर रविवारी चर्चमध्ये तुझ्या मागच्या बाकावर मी मुद्दाम बसते.

५. चहाची किटली डिम्फनाला. तडा तिनेच पाडला आहे.

६. हे कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही. ऑर्ला, मागच्या दाराची किल्ली आजच पाठवते आहे. समुद्राकडची खोली तुझी. दुपारभर झोप. कशी आहेस, असे मी रोज विचारीन, आणि "बरी नाही" हे उत्तर या घरात चालेल. मग तूही मला विचार. मला अजून कोणी विचारलेले नाही.

फिलोमिनाबाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली; आम्ही त्यांच्यासमोर केली.

सही: फिलोमिना हेरिटी
साक्षीदार: फिन्टन रुआन, पोस्टमन; असुंप्ता गिल, शेजारीण
मेयो परगणा, आयर्लंड, ७ मे २०२४