बाबांचे चौदा गप्पी

४ मार्च

चौदाही मेले.

सीमेवरच्या काउंटरवर निळी पेटी परत हातात दिली तेव्हाच कळलं होतं. पिशव्यांतलं पाणी दुधाळ झालेलं, वर फेस, आणि सगळे पोट वर करून. तरी नव्या घरी आल्यावर सामान न उघडता आधी टाकी भरली आणि त्यांना सोडलं. तासभर बसून राहिले. नवरा महिनाभर आधी इथे आलेला, त्याने घर लावून ठेवलं होतं. मागे येऊन म्हणाला, "अगं, आता पुरे."

पुरे काय?

बाबांनी गप्पी माशांची ही जात बावीस वर्षं राखली. राखाडी शेपटी, तिला बारीक केशरी काठ. दर पिढीला भिंगातून बघून नर निवडायचे, उरलेले दुसऱ्या टाकीत. हा काठ पुसट होऊ नये एवढ्यासाठी बावीस वर्षं! ते गेल्यावर दोन वर्षं मी राखली. निघताना एकूणएक बरोबर घेतले. मागे एक पिल्लू ठेवलं नाही.

म्हणजे आता कुठेच नाहीत.

६ मार्च

आज नीट आठवून लिहिते. नंतर कोणी म्हणायला नको की मी मनाचं सांगते.

माशांचा दाखला होता माझ्याकडे, जनावरांच्या डॉक्टरचा, शिक्क्यासकट. रोपांचा नव्हता. रोपं म्हणजे काय, मूठभर शेवाळ आणि बाबांचं ते रुंद पानाचं झाड. एवढ्याला कोण विचारतं? पण सीमेवर बसमध्ये चढलेल्या साहेबाने थेट माझ्या सीटपाशी येऊन पेटी खाली काढायला लावली. पानाच्या मागे मोहरीएवढी गोगलगाय निघाली. मग रोपं जप्त, आणि मासे तपासणीसाठी आत. अकरा तास. मी बाकावर.

शेवटी साहेबालाच माझी दया आली असावी. म्हणाला, "बाई, आम्ही प्रत्येकाची पेटी उघडत बसलो तर गाड्या इथेच मुक्कामाला राहतील. फोन आला होता. तुमच्या क्लबमधूनच. बस कुठली, खिडकी कुठली, पेटीचा रंग, सगळं सांगितलं."

हे एकाच माणसाला माहीत होतं. पेटीला दोरी त्यानेच बांधून दिली होती, बस स्टँडवर, गुडघ्यावर बसून.

दादा. बाबांचा शिष्य, आता तिकडच्या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबचा सेक्रेटरी. लहानपणापासून आमच्याकडे पडीक. महिन्याभरापूर्वी म्हणाला होता, "एक जोडी क्लबात ठेवून जा. सगळी अंडी एका टोपलीत नेऊ नकोस, हा काही तुझ्या एकटीचा वारसा नाही." मी म्हटलं, "माझ्या एकटीचाच आहे. मुलगी मी आहे." तो म्हणाला, "बरं. मग बघ."

बघितलं.

९ मार्च

दादा म्हणणं बंद. 'तो' पुरे.

१७ मार्च

लॅबमध्ये रुजू झाले. सकाळी सात ते तीन. खुर्ची, सुया, नळ्या, लेबलं. रक्त काढायचं काम तेच, शिरा वेगळ्या.

सुटल्यावर माशांची दुकानं शोधत हिंडते. मासे नकोत मला. क्लब हवाय. या शहरात क्लब असणार, आणि क्लबवाले सीमेपलीकडच्या क्लबवाल्यांना ओळखत असणार. त्याच्यापर्यंत पोचायची एवढीच वाट आहे.

तिसऱ्या दुकानात प्लास्टिकची झाडं आणि खोकणारा मालक. क्लबचं विचारलं तर म्हणाला, "ते लोक आपापसात वाटून घेतात. दुकानातून नेतात फक्त हवेची नळी, तीही एक मीटर. मी कशाला पत्ता देऊ?" शेजारी एक बाई उभ्या होत्या, हातात एक मीटर नळी. माझ्यामागून बाहेर आल्या. "रविवारी चारला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत. रिकाम्या हाताने येऊ नका, काही नसेल तर निदान गोगलगायी आणा."

दातांच्या डॉक्टर आहेत. पदर टाकीत बुडून ओला झालेला.

२३ मार्च

गेले. लांब टेबलं, त्यांवर वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांवर पिशव्या. दर पिशवीवर नाव आणि पाण्याची तारीख. एक निवृत्त बस ड्रायव्हर आपल्या एंजल माशाबद्दल सांगत होता, "अहो, आमची ही म्हणते, माझ्याकडे इतकं टक लावून कधी बघितलं नाहीत." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांनी कधी इतके पंख पसरले नाहीत ना." ड्रायव्हर स्वतःच जास्त हसला.

मला विचारलं, "तुमच्याकडे काय आहे?"

"काही नाही. मेले."

कोणी कसे-कधी विचारलं नाही. थोड्या वेळाने ड्रायव्हरने डब्याच्या झाकणात ओलं शेवाळ आणून माझ्यापुढे ठेवलं आणि आपल्या जागेवर गेला. अशी माणसं असली की राग सैल पडतो. पडू द्यायचा नाही.

शेवटी सूचना. मेमध्ये वार्षिक प्रदर्शन. परीक्षक सीमेपलीकडून येणार. डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव वाचलं.

मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

२५ मार्च

तो कधीच कागद काढत नाही. पिशव्या लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळायच्या, बॅगेच्या तळाशी, वर कपडे. "दाखल्याला चार दिवस लागतात, स्वेटरला चार मिनिटं." बाबा हसायचे यावर. मीही हसत असे.

या वेळीही रिकामा येणार नाही. परीक्षक म्हणून आला तरी मिरवायला मासे आणणारच. काळे गप्पी, स्वतः तयार केलेले. पंधरा वर्षांची मेहनत.

जप्तीची पावती नीट ठेवली आहे. तिच्यावर खाली सीमेच्या कार्यालयाचा फोन नंबर छापलाय. छान मोठ्या आकड्यांत.

२ एप्रिल

जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"बाबांना तो मुलासारखा होता."

"म्हणूनच."

"त्याचे मासे मेले तर तुझे परत येणार आहेत का?"

"नाही. पण त्यालाही त्या बाकावर बसावं लागेल. दाराकडे बघत."

नवरा ताटं उचलून उठला. भांडीही त्यानेच घासली.

१९ एप्रिल

इथली टाकी अजून रिकामीच आहे. शेवाळ तेवढं वाढतंय.

१० मे

फोन केला.

"कोण बोलतंय?"

"क्लबमधून."

बस, खिडकी, तपकिरी बॅग, तळाशी स्वेटर. बस डॉक्टरीणबाईंकडूनच कळली होती, त्यांना घ्यायला जायचं होतं ना त्याला. खिडकी मला ठाऊक. तो कायम ड्रायव्हरच्या मागे बसतो. फोन ठेवून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१२ मे

तो कालच्या ऐवजी आज आला. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. डॉक्टरीणबाई सगळ्यांना सांगत होत्या, "एकोणीस तास बसवून ठेवलं हो त्यांना! कागद सगळे बरोबर, तरी म्हणे जनावरांचा डॉक्टर सकाळी येईल."

कागद! या वेळी त्याने कागद काढले होते.

हरकत नाही. एकोणीस तास. मी पुढे जाऊन उभी राहिले. मला ते पाणी बघायचं होतं. त्याने स्वेटर उलगडला, तीन पिशव्या टेबलावर ठेवल्या. पाणी स्वच्छ. बारा काळे गप्पी. बाराही पोहत होते. एक तर माझ्या बोटामागे काचेवर यावा तसा आला.

लोक पांगल्यावर तो माझ्याजवळ आला.

"फोन आला होता म्हणे. क्लबमधून."

मी पिशवीवरची तारीख वाचत राहिले.

"तुझ्या वेळी मी केला होता. मला वाटलं, रोपं अडकतील, तुला परत फिरावं लागेल. परत आलीस की पुन्हा एकदा विनवून बघू, एक जोडी तरी देशील. वाईट वागलो. आता फिटलं असं म्हण."

"चौदा मेले, दादा." तोंडातून दादा निघून गेलं.

"तेच मला कळत नाही. बाबांनी आपल्याला मगभर पाण्यात दोन-दोन दिवस टिकवून दाखवलेत. अकरा तासांत गप्पी मरतो? पाणी दुधाळ होतं म्हणालीस ना कोणाला तरी. ते पोटातली घाण पाण्यात उतरली की होतं." तो खरंच विचार करत होता. माझ्यावर डाव टाकत नव्हता, मी ओळखते त्याला. "निघायच्या आधी दोन दिवस उपाशी ठेवले होतेस ना?"

"हो."

"मग काय झालं असेल गं?"

त्याचे डोळे भरले. बाबांच्या माशांसाठी रडणारी जगात दोनच माणसं, आणि दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना.

१४ मे

सकाळी एक आजोबा उपाशीपोटी रक्त द्यायला आले. सुई लावायच्या आधी विचारलं तर म्हणाले, "एक बिस्किट खाल्लं. नातीने दिलं, नाही म्हणवेना. एका बिस्किटाने काय होतंय?"

मी इतकी तडकून बोलले त्यांना, की शेजारच्या खुर्चीवरची मुलगी बघत राहिली. आजोबा म्हणाले, "बरं बरं, उद्या येतो, बाई." टोपी घालून गेले.

१५ मे

निघायच्या आदल्या संध्याकाळी खोली रिकामी झाली होती. पडदेसुद्धा काढलेले. दुसरा दिवस होता उपाशी ठेवल्याचा. चौदाही काचेला येऊन तोंड उघडत, मिटत होते. मला बघवेना. खाद्याची एक चिमूट टाकली.

मग आणखी एक.