तुझं म्हणणं, माझ्या तोंडून

प्रिय विनिता बाय,

आधी कोण टपकला सांगू? सदू. पाहुणे अजून फाट्यावरच होते आणि हा लग्नाचा मध्यस्थ आपल्या ओटीवर मांडी घालून बसलेला. ओटी मी सकाळीच पुसली होती, त्याने कठड्यावरून तंबाखूची पिचकारी मारली, ती अर्धी आतच. चहात बिस्कीट बुडवलं, ते मोडून खाली बसलं, तर बोट घालून काढलं, बोट चाटलं आणि तोच हात लाडवांच्या ताटात. ते ताटभर लाडू मी नंतर शेजारच्या मैनेच्या म्हशीला घातले.

मग मुलाचे, म्हणजे अजितचे, वडील कृष्णाजी आले, बंदरावर ज्यांचे दोन ट्रेलर चालतात ते. सोबत त्यांची आई धोंडूबाई, माझ्याच वयाची, गुडघे धरत पायऱ्या चढली. हातात सुक्या बोंबलांची पिशवी. काय बोंबील गं, पांढरेशुभ्र, एकाला खवट वास नाही. तुझ्यासाठी बाजूला ठेवलेत.

फोन का नाही केला म्हणशील. तुझा बाप दयाराम फोन स्पीकरवर टाकून शेजारी बसतो, आणि हे त्याच्या कानावर आत्ताच जायला नको. माझी शाळा दुसरीत सुटली, अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे.

तर सदूने सुरू केलं. मुलगी म्हणाली, अजित पसंत आहे. फोटो सोडून तू त्याला पाहिलंही नाहीस. मुलगी म्हणाली, बीएडचं काय एवढं, लग्नानंतर सोडलं तरी चालेल. मुलगी म्हणाली, वडील ठरवतील ती तारीख. तू तिकडे माणगावला वसतिगृहात, आणि इथे तुझं बोलणं त्या तंबाखूच्या तोंडातून येतंय. दयाराम आपला प्रत्येक वाक्याला मान डोलावतोय. उष्टं अन्न कोणी वाढावं आणि घरच्याने ते मिटक्या मारत खावं, तसं वाटलं मला.

दिवाळीतली तुझी शिकवणी आठवली. पडवीत गावातली पोरं, बाजूला मी सुका जवळा निवडतेय, आणि तू ते डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवतेयस. दुसऱ्याचं बोलणं आपण सांगायला घेतलं की ‘मी’चं ‘ती’ होतं, ‘उद्या’चा ‘दुसरा दिवस’ होतो, पण म्हणणं तेच राहायला पाहिजे, असं तू चारचारदा सांगत होतीस. वाक्यं माझीच द्यायचीस. आजी म्हणाली की मांजराने बोंबील पळवला. हसता हसता माझं सूप उलटलं, सगळा जवळा अंगणात. इंग्रजीतलं मला ओ की ठो कळलं नाही, पण म्हणणं हलवायचं नाही, एवढं डोक्यात बसलं.

मी उठून आत गेले. पाणी पाहिजे म्हणून धोंडूबाई मागोमाग आली, तांदळाच्या डब्यावर टेकली आणि हळूच म्हणाली, "व्हय गं, पोरगी खरंच असं बोलली? का आपल्यासारखंच झालं?"

आपल्यासारखं म्हणजे काय, ते दोघींनाही माहीत. मी चौदा वर्षांची, मिठागरात मीठ ओढत होते, तळव्यांना चिरा पडलेल्या. संध्याकाळी घरी आले तर चुलतीने माझा होकार देऊनही टाकलेला. पोरीला पसंत हाय, म्हणाली. तुझा आजा चांगला निघाला, ते माझं नशीब. पण विचारलं कोणी न्हाय.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. सदूला इतकी नावं ठेवली, पण त्याला पहिलं वाक्य मी दिलं. गेल्या महिन्यात तो हे स्थळ घेऊन आला, तेव्हा तू चुलीपाशी मला म्हणालीस, "आजी, बीएड होईपर्यंत मला लग्न करायचं नाही. त्यांना अस्संच सांग." आपल्यात पोर ओटीवर येऊन बोलत नाही, घरातली म्हातारी उंबऱ्यात उभी राहून तिचं सांगते. मी उभी राहिले, दयारामच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, पोरगी म्हणते तुम्ही ठरवाल तसं. चुलतीचाच आवाज निघाला माझ्यातून. आणि तू निश्चिंत मनाने माणगावची एसटी धरलीस. सदूच्या बोटाची किळस आली म्हणते, माझ्या जिभेची त्याहून जास्त येते गं.

हे सगळं मी धोंडूबाईला सांगितलं, तू बोललीस तसं, शब्दाला शब्द. वाटलं, आता बोंबील उचलून चालती होईल. तर ती म्हणाली, "मग तिलाच ओटीवर बसव. मी ऐकायला येते." बाहेर जाऊन तिने कृष्णाजींना सांगितलं, गुडघा ठणकतोय, तारीख आज नको. सदूचं तोंड बघायला तू हवी होतीस. मी इतकी खूश झाले की डब्यातले, त्याने न शिवलेले लाडू तिच्या पिशवीत भरले.

तू शनिवारीच ये. बाप चिडेल, चिडू दे. मी या वेळी उंबऱ्यात नाही, ओटीवर तुझ्या शेजारी बसणार, आणि तोंड उघडणार नाही.

पाहुणे पुढच्या रविवारी सकाळी येतो म्हणालेत. कृष्णाजी स्वतः म्हणाले, मी माझ्या कानाने ऐकलं.

तुझीच, चुकलेली
आजी