फ्रेममधला खांब

२ नोव्हेंबर
आजपासून लग्नाच्या ऑर्डरी बंद. कायमच्या. नवरदेवाच्या घोड्यापुढे उलटं चालून चालून कंबर गेली. मी मुळात दिग्दर्शक आहे. तसं कार्ड छापायला टाकलं.

मोठ्या शहरांतल्या महोत्सवांनी माझा ‘निःशब्द वावर’ परत पाठवला. कारण कुणीच कळवलं नाही. म्हणजे घाबरले. ठीक आहे. बोदवडला आपणच महोत्सव भरवू. ‘पहिला खान्देश ग्रामीण चित्रपट महोत्सव’. निवड समिती: मी. आता कोण परत पाठवतो बघू.

मोहिनीने (बायको) शांतपणे ऐकून घेतलं आणि अट घातली. महोत्सवात एका तरी माणसाने स्वतःहून ‘परत दाखवा’ म्हटलं, तर ती जन्मात लग्नाच्या ऑर्डरीचं नाव काढणार नाही. नाहीतर येत्या लग्नसराईत मी मुकाट्याने स्टेजपुढे उभं राहायचं. लगेच हो म्हटलं. फारच सोपी अट घातली बिचारीने.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. मेहरूण तलावाला चक्कर. चिंतन.

३ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ
उठलो. थंडी फार. चिंतन अंथरुणातही होतं.

११ नोव्हेंबर
प्रवेशिका दोनच आल्या. एक बारशाचा व्हिडिओ. नाकारला. दुसरी धुळ्याच्या प्रशील नावाच्या प्राध्यापकाची, आजोबांच्या हरवलेल्या कवळीवर. बारा मिनिटं. ग्रामीण जीवनाच्या वेदनेशी कवळीचा काय संबंध? तरी घेतली. नाहीतर महोत्सवात माझा एकटाच सिनेमा राहिला असता. ते बरं दिसत नाही.

२० नोव्हेंबर
सासरवाडीला. बोदवडपासून जवळच. सासरे चुडामण आबा यांच्याच कपाशीच्या वावरात मागच्या वर्षी शूटिंग केलं होतं. लॅपटॉपवर त्यांना सिनेमाचा आत्मा दाखवला. सात मिनिटांचा एकच शॉट. वावर, बांध, बांधावर विजेचा खांब. कॅमेरा हलत नाही. काहीच हलत नाही. तोच तर मुद्दा आहे.

आबा डोळे फाडून बघत होते. कधीचा म्हणाले. मागच्या वर्षीच्या पेरणीनंतरचा, मी म्हटलं. मग म्हणाले, “जावईबुवा, थो खांब काई चांगला नाई दिसत. काढता येत असंन तं काढून टाका.”

थक्क झालो. चौथी शिकलेल्या माणसाला फ्रेमची एवढी जाण! खरं तर शूटिंगच्या वेळी मलाही तो खांब खटकलाच होता. पण आता मात्र लख्ख कळलं की खांब हाच सिनेमाचा कणा आहे. काढणार नाही म्हटलं. मग अख्खा शॉटच काढा म्हणाले. कलेत तडजोड नसते, असं त्यांना प्रेमाने समजावलं. चहा तसाच ठेवून उठून गेले. आतून हलले होते.

२१ नोव्हेंबर
निघताना हिलाल नाना भेटले. आबांच्या शेजारचं वावर त्यांचं. यंदाच्या पेरणीपासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. शेतकऱ्यांचं आपसात काहीतरी चालूच असतं, मी त्यात पडत नाही.

नानांनी विचारलं, पिक्चरमध्ये खांब दिसतो का. म्हटलं, सात मिनिटं दिसतो. “बांधासकट?” म्हटलं, बांधासकट. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. माझा हात दोन्ही हातांत धरला. अख्खं गाव घेऊन येतो म्हणाले. असा रसिक मला जळगावात एक नाही भेटला.

१५ डिसेंबर
मोहिनी म्हणते, भरीत ठेवा, नाहीतर कुत्रं फिरकणार नाही. तत्त्व म्हणून विरोध केला. नंतर विचार केला, भरीत हीसुद्धा ग्रामीण संस्कृतीच. ठेवलं. वांगी आबा देणार होते. आज फोन केला तर म्हणाले, वांग्यांत अळी पडली. कालपर्यंत नव्हती. नानांनी पोत्यांनी वांगी आणि भाजायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्याही कबूल केल्या.

वेळापत्रक लावलं. प्रशीलची कवळी नेमकी जेवणाच्या वेळेत आली. निव्वळ योगायोग.

४ जानेवारी, सकाळ
महोत्सव! मंगल कार्यालयाच्या स्टेजवर ‘शुभविवाह’ ही थर्माकोलची अक्षरं तशीच आहेत. वर पडदा बांधला, पण ‘शुभ’ बाहेर राहतं. राहू दे.

नानांचा निरोप: सोबत तलाठी आणि पोलीस पाटीलही येत आहेत. शेवटी शासनाला दखल घ्यावी लागली.

४ जानेवारी, संध्याकाळ
 क्रमाने लिहितो.

दुपारी कवळी लागली. लोक भरिताच्या पत्रावळी घेऊन सरळ हॉलमध्ये घुसले. हसून हसून ठसके. प्रशील येऊन मलाच सांगतो, “भाऊ, बठ्ठा लोके जेवन सोडीसन देखी ऱ्हायनात!” हसवणं सोपं असतं. 

मग माझा. सुरुवातीला खोकला, मोबाईल, मागच्या रांगेत एक घोरणं. भरीत जड असतं. पण तो शॉट आला आणि हॉल गप्प. मागचे लोक पुढे येऊन उभे राहिले. घोरणाऱ्यालाही कुणीतरी उठवलं. सात मिनिटं कुणी पापणी हलवली नाही. आणि शेवटी हिलाल नाना उठून ओरडले, “मांगे घ्या! परत दाखवा!”

मग सगळा हॉल. परत दाखवा! परत दाखवा! मी मोहिनीकडे बघितलं. ती माझ्याकडे. मला रडू आलं, लपवत नाही.

परत लावला. परत मागणी. तिसऱ्यांदा म्हणाले, आता थांबवून ठेवा. नाना पऱ्हाटी घेऊन पडद्यापाशी गेले. “हा खांब कुठी हाये? बांधावर हाये! आज कुठी हाये? चुडामणच्या कपाशीत हाये! खांब काय चालत गेला?”

तलाठ्यांनी चष्मा चढवला. कुणीतरी म्हणालं, खांब नाही चालत, बांध चालतो. रात्री नांगर लावून आबांनी बांध कोरला, तो नानांच्या वावरात सरकला, आणि वर खांब पहिल्यापासून आमच्याच वावरात होता म्हणून सगळ्यांना सांगितलं. आबा मागच्या दाराने निघून गेले. चप्पल राहिली.

मी माईकवरून सांगत होतो, पुढचा सीन महत्त्वाचा आहे. कुणीतरी दिवे लावले. सगळे ट्रॅक्टरमध्ये बसून खांब बघायला गेले. तलाठीसुद्धा.

पण अट मी जिंकलो.

५ जानेवारी
चिठ्ठ्या मोजल्या. प्रेक्षकांची पसंती: कवळी. धुळेकरांना मतं मिळवायची कला आहे. मला नानांनी शाल आणि नारळ दिला. कशाबद्दल, ते बोलले नाहीत. ज्याला त्याला कळलंच. मोहिनीला अटीची आठवण करून दिली. म्हणाली, शब्द म्हणजे शब्द, लग्नाच्या ऑर्डरीचं नाव काढणार नाही. वडिलांचं तोंड पडल्यावरही शब्दाला जागली. मोठी बाई आहे.

१२ जानेवारी
तहसील कार्यालयात पेनड्राइव्ह द्यायला गेलो. तिथल्या साहेबांना फक्त सात मिनिटं हवी होती. शॉटमागे वाजणारी बासरी काढा म्हणाले. नावं काढा म्हणाले. ‘दिग्दर्शक: योगराज’ ही पाटीसुद्धा. कागदावर त्यांनी लिहिलं, ‘शूटिंग करणारा इसम’.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पुढे काय होतं, हे आजपर्यंत एकाही माणसाने विचारलेलं नाही. मीही कुणाला सांगितलेलं नाही. पुढे वावर रडतं.

आबा फोन उचलत नाहीत. बांध मात्र त्यांनी मागे घेतला.

२ फेब्रुवारी
फोनवर फोन. पाचोऱ्याचे छगनभाऊ म्हणाले, “आमच्या बी बांधाचं एक शूटिंग करून ठेवा. खांब नाई आमच्याकडे, विहीर चालंन का?” त्यांना म्हटलं, याला डॉक्युमेंटरी म्हणतात. ते म्हणाले, तुम्ही काई बी म्हणा, तारीख टाका. मी नकार देणार होतो. तेवढ्यात मोहिनीने फोन घेतला.

१७ फेब्रुवारी
स्टुडिओवर नवी पाटी आली. मोहिनीने परस्पर करून घेतली. शब्दाला जागली हे मान्य. लग्नाचा उल्लेख कुठेच नाही.

‘योगराज. येथे बांधाचे शूटिंग तारखेसह करून मिळेल. कॅमेरा हलत नाही.’

‘दिग्दर्शक’ कुठे गेलं विचारलं. जागा उरली नाही म्हणाली.

उद्या छगनभाऊंची विहीर. ऊन तिरपं असताना बांध नीट उठून दिसतो, म्हणून पहाटे पाचला उठायचं आहे. अलार्म मोहिनीने लावला आहे.